बर्फ न होणारा फ्रिज

दुकानदाराने फ्रिजचं दार उघडलं आणि मी आत डोकं घालून वास घेतला.

"मालक, फ्रिज हाय त्यो, फुल न्हवं," तो म्हणाला.

लिंबाचा वास येत होता. बेळगावातलं ते दुकान गाड्यांच्या जुन्या-नव्या सामानाचं. गोव्याच्या कुठल्याशा प्रवासी गाडीतून काढलेला, हातभर उंचीचा, बॅटरीवर चालणारा फ्रिज त्याने माझ्यासाठी पुढे ओढून ठेवला होता. दोन महिनेच वापरलाय, म्हणत होता.

"लिंबानं कशाला पुसलाय?"

"स्वच्छ ऱ्हावा म्हणून."

"मासे ठेवत होते काय ह्याच्यात?"

"गाडी गोव्याची, फ्रिज शाकाहारी," तो म्हणाला आणि शेजारच्या दुकानदाराकडे बघून हसला.

मी दार पुन्हा उघडलं, रबराच्या पट्टीत बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. आम्ही जैन. ज्या पेटीत कधी मासे ठेवले असतील, त्या पेटीत माझ्या बहिणीचं औषध ठेवणं मला शक्य नव्हतं. पण मी इतका वेळ वास घेत राहिलो त्याचं कारण तेवढंच नव्हतं. जून महिना संपत आला होता, तीन आठवडे मी निपाणीहून बेळगावला आणि बेळगावहून निपाणीला फेऱ्या मारत होतो, आणि प्रत्येक फ्रिजमध्ये, प्रत्येक दुकानदारात खोट शोधत होतो. खोट कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तीच आज लिहितो आहे.

आक्का माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी. मी चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हापासून मला तिनेच वाढवलं. पुढे ती विधवा होऊन परत आमच्याकडेच आली. तिचे नियम कडक. सूर्य मावळल्यावर अन्न नाही, पाणी गाळलेलंच, कंदमुळं नाहीत, आदल्या दिवशीचं शिजवलेलं नाही, हॉटेलात तर पाऊलही नाही. त्यामुळे तीर्थाला जायचं म्हणजे पंचाईत. गुडघे दुखायला लागल्यापासून बस आणि रेल्वेही सुटली. म्हणून मी एक जुनी बारा सीटची व्हॅन घेतली आणि बेळगावच्या उद्यमबागेत एका मिस्त्रीकडून ती आतून घरासारखी बांधून घेतली. दोन बाकं, जी रात्री पलंग होतात, एक शेगडी, पाण्याची टाकी, आणि ओट्याखाली प्लायवूडच्या कपाटात बसवलेला घरगुती छोटा फ्रिज, इन्व्हर्टरवर चालणारा.

आमच्या गाडीत फ्रिजला काम एकच. आक्काला शिळं चालत नाही, तेव्हा भाज्या-आमट्या ठेवायचा प्रश्नच नव्हता. तिला साखर आहे, दोन वेळा इन्सुलिन लागतं. त्याची टोचायची पेनं थंड राहावीत एवढ्यासाठी फ्रिज. त्याला वरती एक बर्फाचा कप्पा होता, तो रिकामा असायचा. बर्फ आमच्यात अभक्ष्य. लहानपणी आमच्या घरात बर्फ कधी आला नाही. बाजारात शाळेच्या वाटेवर बर्फाचा गोळा खाऊन मी लाल जिभेने घरी यायचो, तेव्हा आक्काच मला मागच्या दाराने आत घेऊन चूळ भरायला लावायची. आप्पांना, आमच्या वडिलांना, तिने कधी सांगितलं नाही.

मेमध्ये आम्ही कुंथलगिरीला निघालो. आक्का, मी आणि माझी बायको. ऊन असं होतं की गाडीचं स्टिअरिंग दुपारी हातात धरवत नव्हतं. पहिल्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधी आक्काने इंजेक्शन घेतलं, जेवली, पाणी प्यायली आणि पुढच्या बाकावर जपमाळ घेऊन बसली. बायको बाहेर गार वाऱ्याला बसली होती. मी मागे एकटा. लिंबाचं सरबत केलं, ते कोमट. तेव्हा मी ओट्यावरची एक लहान स्टीलची वाटी घेतली, तीत पाणी घातलं आणि बर्फाच्या कप्प्यात सरकवली.

दारू असती तर निदान सांगताना पापाला काही वजन आलं असतं. त्रेपन्न वर्षांचा माणूस, निपाणीत बियाणं-खताचं दुकान असलेला, समाजात चार लोक ज्याला ओळखतात असा, आणि हे सगळं वाटीभर बर्फासाठी.

बर्फ धरेना. फ्रिजचं बटण तीनवर होतं. मी ते सातवर नेलं, शेवटापर्यंत. दीड-दोन तासांनी बर्फ झाला. तो पेल्यात वाजू नये म्हणून मी आत एक बोट घालून खडा धरून ठेवला आणि तसाच प्यालो. पुढे आक्काचा जप चालू होता. बोट बधिर झालं, पण ते सरबत इतकं चांगलं लागलं की दुसऱ्या संध्याकाळी मी पुन्हा वाटी भरली. आणि दुसऱ्या संध्याकाळी बटण मागे फिरवायचं विसरलो.

इन्सुलिनची पेनं बर्फाच्या कप्प्याच्या बरोबर खाली होती. सकाळी आक्काने पेन मागितलं. मी हातात घेतलं तर ते बर्फासारखं. पेनाच्या काचेच्या खिडकीतून बघितलं. आतलं औषध गोठून पांढुरकं झालं होतं. त्या औषधाबरोबर येणारा कागद दर वेळी आक्काला मीच वाचून दाखवतो, तिला बारीक अक्षर दिसत नाही. गोठवू नये, गोठलेलं वापरू नये, हे त्यात लिहिलेलं आहे. मी ते तिला किमान दहा वेळा वाचून दाखवलं असेल.

मी तिच्याकडे पाठ केली आणि पेन दोन्ही तळव्यांत धरून चोळलं. पाच-सात मिनिटांत औषध पुन्हा पाण्यासारखं स्वच्छ दिसायला लागलं. मग मी ते तिच्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आक्काला सारखी तहान लागायला लागली. मग उलट्या. मग ती बोलताना अडखळायला लागली. एका तालुक्याच्या गावात दवाखाना मिळाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि पेन उजेडात धरून विचारलं, "हे कुठं ठेवत होता? औषधात दम राहिलेला दिसत नाही."

"फ्रिजमध्ये," मी म्हणालो. "फ्रिज बिघडलाय बहुतेक."

तीन दिवस आक्का तिथे होती. बरी झाली. कुंथलगिरी राहिलं, आम्ही परत आलो.

घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी मी बघितलं, आक्का कोरा चहा पीत होती.

"दूध संपलं का?" मी विचारलं.

"न्हाय. सोडलंय."

"का?"

"दिवाळीपर्यंत सोडलंय." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पेनं ठेवताना माझाच हात लागला असणार त्या बटणाला. मला कुठं दिसतंय धड! माझ्यापायी तुम्हा दोघांची यात्रा बुडाली."

आमच्यात चूक झाली की माणूस काहीतरी सोडतो. कोणी तूप सोडतं, कोणी मीठ, ठरावीक दिवसांसाठी. आक्काने दूध सोडलं होतं. डॉक्टरांनी तिला रोज कपभर दूध घ्यायला सांगितलं होतं, चहाशिवाय तिला दुसरी आवड नाही, आणि माझ्या वाटीभर बर्फाचं प्रायश्चित्त ती रोज सकाळी माझ्यासमोर बसून पीत होती. त्यातच तिने आणखी एक सांगितलं. दिवाळीनंतर श्रवणबेळगोळला जायचं ठरलं होतं. गुडघे पुरते जायच्या आत डोलीतून का होईना एकदा वर डोंगरावर जायचं, असं ती दोन वर्षं म्हणत होती. "मी काय येत न्हाय आता," ती म्हणाली. "माझा भरवसा न्हाय. गाडी इकून टाक."

मी त्याच वेळी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, "आक्का, तुझा हात नव्हता लागला. फ्रिजच खराब. आपण नवीन घेऊ."

अशी ही खरेदी सुरू झाली.

ज्याच्या मनात काही लपलेलं असतं त्याला सगळे लपवताना दिसतात, हे मी त्या तीन आठवड्यांत अनुभवलं. कोल्हापूर रस्त्यावरच्या एका दुकानात मला पंख्यावर चालणारी थंड पेटी दाखवली. कॉम्प्रेसर नाही, आवाज नाही, बॅटरी कमी खाते. मी मालकाला विचारलं, बाहेर चाळीस अंश असेल तर आत किती? तो म्हणाला, "थंड राहतंय की." किती थंड? "चांगलं थंड." मी त्याच्याकडे संशयाने बघत राहिलो. शेवटी त्याच्या पोऱ्याने पुठ्ठ्यावरचं वाचलं: बाहेरच्यापेक्षा पंधरा-वीस अंश कमी. म्हणजे मेमध्ये वीसच्या वर. औषध नासणार.

दुसऱ्याने गॅसवर चालणारा फ्रिज फोनवर दाखवला. लाइट लागतच नाही म्हणाला. तो गाडी अगदी सपाट उभी असली तरच नीट चालतो, हे त्याने सांगितलं नाही, ते मी मिस्त्रीकडून ऐकलं. ज्या मुक्कामांना आम्ही जातो तिथे गाडीच्या चाकाखाली दगड लावल्याशिवाय ती उभी राहत नाही. मला वाटलं, हा मला मुद्दाम फसवत होता. नंतर वाटलं, त्यालाही माहीत नसेल. पण तसं मानायला माझं मन तयार होईना. कोणीतरी फसवणारा मला हवा होता.

बायको एक दिवस म्हणाली, "दुकानासाठी ट्रॅक्टर घेतलासा तवा दोन दिवसांत ठरवलासा. एका डब्याला तीन आठवडे? खरं काय हाय?"

"चांगली वस्तू मिळेना."

"वस्तू मिळंना का तुम्हाला घ्यायचीच न्हाय?"

मी दुकानाच्या चाव्या घेऊन बाहेर पडलो. तिनेही विषय तिथेच सोडला, पण त्या दिवसापासून मी फ्रिजचं काही बोललो की ती भाजी चिरता चिरता हात थांबवून माझ्याकडे बघायची.

गोव्याच्या त्या फ्रिजचा वास घेऊन निघालो आणि त्याच दुपारी उद्यमबागेत मिस्त्रीकडे गेलो. तो कंग्राळीचा, सकाळी शेतात असतो आणि अकरानंतर वर्कशॉपमध्ये. जुना फ्रिज काढायला मी आदल्या आठवड्यात गाडी त्याच्याकडे सोडली होती. तो काढलेला फ्रिज कोपऱ्यात चालू होता. आत पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर.

"अण्णा, ह्यो फ्रिज ठणठणीत हाय," तो म्हणाला. "नवीन कशाला घेतासा?"

"बिघडलाय तो."

"चार दिवस चालवतोय मी. तीनवर ठेवला की चार-पाच अंश. सातवर ठेवला की खालच्या कप्प्यातबी गोठतंय. आला तवा सातवर हुता."

"हात लागला असेल कोणाचा."

त्याने बटण माझ्यासमोर फिरवून दाखवलं. ते जड होतं, प्रत्येक आकड्यावर खट करून अडत होतं. "हात लागून चार घरं फिरतंय व्हय? मुद्दाम फिरवल्याशिवाय न्हाय जायचं. घरात बर्फ कोण खातंय?"

"आमच्यात बर्फ चालत नाही," मी म्हणालो.

ते खरंच होतं, आणि मी आयुष्यात बोललेल्या सगळ्या खोट्यांत मला ते सगळ्यात खोटं वाटलं. मिस्त्री फडक्याने हात पुसत राहिला. त्याला कळलंय, हा संशय मला तिथेच आला. हा गाडी द्यायला निपाणीला येईल, आक्का त्याच्यासमोर कोरा चहा पीत बसेल, आणि हा सहज बोलून जाईल.

"मग नवा घ्यायचाच तर," तो म्हणाला, "बॅटरीवरची कॉम्प्रेसरची पेटी घ्या. वरून उघडणारी. झाकण उघडलं तरी गारवा आतच ऱ्हातोय, धक्क्यानं उघडत न्हाय. बाहेर आकडा दिसतोय."

"ती बर्फ करते का?"

"करणारच की. जी बर्फ करत न्हाय ती उन्हाळ्यात औषधबी सांभाळत न्हाय."

त्या वाक्यातून मी घरी येईपर्यंत, हत्तरगी गेली, संकेश्वर गेलं, तरी सुटलो नाही. मी तीन आठवडे असा फ्रिज शोधत होतो की जो माझ्या हातातही बिघडणार नाही. तसा कोणी बनवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का स्वयंपाकघरात कोरा चहा घेऊन बसली होती. मी समोर बसलो आणि सांगितलं. वाटी, बटण, पेल्यातलं बोट, गोठलेलं पेन, तळव्यांत चोळलेलं. काही गाळलं नाही. बायको ओट्याशी होती, तिने गॅस बंद केला.

आक्काने चहा संपवला. मग रोजच्यासारखं कपात थोडं पाणी घातलं, विसळलं आणि ते पाणी पिऊन टाकलं. भांड्याला उष्टं राहू द्यायचं नाही, हा तिचा नियम. कप पालथा घातला. मग तिने कन्नडमध्ये विचारलं. रागावली की ती कन्नडच बोलते. तिने विचारलं, "माझ्या हातात देताना तुला ठाऊक होतं का?"

बर्फाचं तिने विचारलंच नाही.

"व्हय," मी म्हणालो.

तिने पालथा कप बाजूला सरकवला.

"आक्का, तू आजपासून दूध घे. चूक माझी होती. मी सोडतो. साखर सोडतो, तूप सोडतो, तू म्हणशील ते."

"नेम देवासमोर घेतलाय. कुणाच्या चुकीसाठी घेतला म्हणून तो मोडत न्हाय." आता ती मराठीवर आली होती. "आणि तू काय सोडू नकोस. तुला सोडलेलं पाळाय जमत न्हाय."

बायकोच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने पदर तोंडाला लावला. मला हसू आलं नाही.

"बेळगोळला कधी जायचंय?" आक्काने विचारलं.

"दिवाळी झाल्यावर."

"मग फ्रिज घ्यायला मी येणार. जुना नगं."

"जुना चांगला आहे, मिस्त्री म्हणतो."

"फ्रिजच्या भरवशाचं न्हाय म्हणत मी."

पुढच्या आठवड्यात मी तिला बेळगावला घेऊन गेलो. गोव्याचा फ्रिज होता त्याच दुकानात आक्काने खुर्ची मागून घेतली आणि पेट्यांसमोर बसली. मी इतके दिवस कॉइल तांब्याची का, माल कुठला, कोणी वापरलाय का, असलं विचारत होतो. तिने दुकानदाराला दोनच गोष्टी विचारल्या. आकडा मोठा दिसतो का, आणि बटणांना कुलूप लागतं का. त्याने एक नवी, खोक्यातून काढलेली पेटी समोर ठेवली. आकडे अंगठ्याएवढे. दोन बटणं एकदम दाबून धरली की बाकीची बंद होतात. ती कशी दाबायची ते आक्काने त्याच्याकडून तीनदा करून घेतलं, मग स्वतः केलं. मला बघू दिलं नाही. "तू तिकडं बघ," म्हणाली. मी पंख्यांच्या रांगेकडे बघत उभा राहिलो.

मग तिने पिशवीतून आपल्या गाळलेल्या पाण्याची बाटली काढली आणि एक लहान स्टीलची वाटी. ती वाटी मी ओळखली. ओट्यावरच्या सहा वाट्यांपैकी तीच का, योगायोगाने हाताला आली का, का तिला आधीपासूनच काही कळलं होतं आणि मी कधी बोलतो याची ती वाट बघत होती, हा संशय मला तेव्हा आला आणि अजून आहे. मी विचारलेलं नाही.

तिने वाटी भरून पेटीत ठेवली, आकडा चार अंशांवर लावला, कुलूप घातलं. "आता बघू," म्हणाली.

"आज्जी, किती वेळ?" दुकानदाराने विचारलं.

"हुईल तेवढा."

आम्ही तिथे साडेतीन तास बसलो. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. दुकानदाराने चहा मागवला. आक्काने बिनदुधाचा मागितला, हॉटेलातला तो तरी का घ्यायचा म्हणून मग तोही नाकारला. मधूनच दुकानदार माझ्याकडे वळून म्हणाला, "मालक, आज वास घेतला न्हाय?" आक्काने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

शेवटी तिने झाकण उघडायला सांगितलं आणि वाटीत बोट बुडवलं. तळापर्यंत नेलं, कडेने फिरवलं.

"गार हाय," ती म्हणाली. "बर्फ न्हाय. बांधून द्या."

दुकानदार खोकं आणायला आत गेला. आक्काने वाटी उचलून माझ्यासमोर धरली.

"पी," ती म्हणाली. "गार पाहिजे हुतं न्हवं तुला?"

मी वाटी दोन्ही हातांनी घेतली. दात शिवशिवले. ती मी संपवेपर्यंत बघत होती. मग तिने वाटी परत घेतली, बाटलीतलं थोडं पाणी घालून विसळली, आणि ते विसळलेलं पाणीही मलाच प्यायला दिलं.